मागे राहिलेल्याला वीट द्या

(दिंडीच्या शताब्दी वर्षात बाळकुम येथे देवळात भरलेल्या बैठकीतील भाषण)



 आज मला कीर्तनाला उभं केलेलं नाही, बोलायला उभं केलंय. मागे टाळकरी नाहीत, मृदंग नाही. म्हणून अभंग लावत नाही. सरळ कामाचं बोलतो. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेव्हा शब्द कुठं वाकडा गेला तर सांभाळून घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. हार-तुरे होतील, ग्रंथ निघेल, अन्नदान होईल. पण या वर्षी आपल्यापुढे एक मोठा प्रश्न येऊन बसलाय, आणि तो देवळाच्या पायरीवर, नाक्यावर, चहाच्या टपरीवर रोज चघळला जातोय. पुढची वारी कशी करायची?

तीन मार्ग पुढे आलेत. पहिला मार्ग, जशी आहे तशी माघी वारी, बाळकुमहून पंढरपूरपर्यंत पायी. दुसरा मार्ग, माघी सोडून आषाढीला जायचं, आळंदीहून माऊलींच्या सोहळ्यात चालायचं. तिसरा मार्ग, माघीच करायची, पण घाट चढून सासवडपर्यंत गाडीने जायचं आणि पुढं पायी चालायचं.

तिन्ही मार्ग सांगणारी माणसं आपलीच आहेत. कोणी नास्तिक नाही, कोणी आळशी नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात खरेपणा आहे. म्हणून तर अवघड आहे. एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असती, तर बैठक कशाला लागली असती? इथं खरं आणि खरं समोरासमोर उभं आहे. अशा वेळी दिंड्या मोडतात, मंडळी. एका दिंडीच्या दोन दिंड्या होतात, एका गावात दोन पताका वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नाहीत. हे आपण आजूबाजूला पाहिलंय. आपल्याकडे ते होऊ नये, म्हणून आज कोणता मार्ग चांगला हे मी सांगणार नाही. निर्णय कसा घ्यायचा, एवढंच सांगतो.

आधी एक विचारा, आपली दिंडी माघीलाच का जाते? वर्षाच्या वाऱ्या चार. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. सगळ्यात मोठी आषाढी. मग आपल्या वाडवडिलांनी तिला सोडून माघी का धरली? जुनी माणसं सांगत, आषाढ म्हणजे लावणी. घाटावर पेरणी उरकून माणूस मोकळा होतो, पण आपल्या कोकणपट्टीत त्याच दिवसांत आवणाची घाई असते. तेव्हा घर सोडलं तर वर्षभर खायचं काय? शिवाय घाटातला पाऊस, भरलेले ओढे. माघात भात झोडून कणगीत गेलेलं असतं, वाट कोरडी असते, अंगावर थंडी असते. म्हणून कोकणातले पुष्कळ वारकरी माघीला जातात.

बघा, त्यांनी किती गोष्टी तोलल्या! देवाची ओढ, शेत, पाऊस, वाट, घरचं धान्य. सगळ्या एकदम तोलल्या आणि एक वाट धरली. आज बाळकुमात काय आहे? जिथं लावणी व्हायची तिथं टॉवर उभे आहेत. नाक्यावर मेट्रोचे खांब आलेत. आपली पोरं भाताच्या आवणावर नाहीत, हापिसात आहेत. म्हणजे ज्या कारणासाठी माघी धरली त्यातलं एक मोठं कारण गेलं. पण कारण गेलं म्हणून वारी टाकायची का? तर तेही नाही. कारण शंभर वर्षांत नवीन कारणं त्याला चिकटली. वाटेवरचे यजमान आहेत. आजोबाने भाकरी वाढली, बापाने वाढली, आता नातू वाढतो. त्यांच्या ओसरीला आपली सवय झालीय. हेही एक वजनच आहे.

आता काही जण म्हणतात, एवढं कशाला? हात वर करा, ज्याला जास्त हात तो मार्ग. ऐकायला सोपं आहे. पण हिशेब करून बघा. आपल्यात ढोबळ तीन गट आहेत, धरा की तिन्ही सारखेच. जुन्या माणसांना आधी माघी पायी हवी, ती नसेल तर गाडीचा मार्ग, आणि आषाढी शेवटी. नोकरीवाल्यांना आधी गाडीचा मार्ग, मग आषाढी, आणि पूर्ण पायी माघी शेवटी, कारण तेवढी रजा नाही. तरुण टाळकऱ्यांना आधी आषाढीचा सोहळा, मग पायी माघी, आणि गाडी शेवटी, कारण त्यांना चालायचंच आहे.

आता दोन-दोन मार्ग समोर ठेवा. पायी माघी की गाडी? दोन गट म्हणतात पायी. गाडी की आषाढी? दोन गट म्हणतात गाडी. मग सरळ वाटतं, पायी माघी सगळ्यात वर. पण आषाढी की पायी माघी विचारलं, तर दोन गट म्हणतात आषाढी! म्हणजे पायी माघी गाडीला हरवते, गाडी आषाढीला हरवते आणि आषाढी पायी माघीला हरवते. फुगडीसारखं गोल फिरतंय. आणि गंमत अशी, की आधी दोन मार्गांवर हात वर करायला लावले आणि जिंकलेल्यासमोर तिसरा आणला, तर दर वेळेला शेवटी आणलेलाच जिंकतो. म्हणजे निर्णय दिंडीने घेतला नाही, विषय कोणत्या क्रमाने मांडायचा हे ज्याच्या हातात होतं त्याने घेतला. माझा पुतण्या कॉलेजात शिकवतो, तो सांगत होता की फ्रान्स देशातल्या कॉन्दोर्से नावाच्या विद्वानाने हे कोडं 1785 साली लिहून ठेवलंय. मी म्हटलं, बाबा, आमच्या देवळात ते रोज घडतं.

तेव्हा नुसते हात मोजून भागायचं नाही. मग काय करायचं? मी शेतकरी माणूस, मला बियाण्याचा दाखला सुचतो.

खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत कोणतं भात लावायचं ठरवताना आपण काय बघतो? उतारा किती, दिवस किती लागतात, पेंढा किती, भाताला चव कशी, बाजारात भाव काय. पण या सगळ्याच्या आधी एक विचारतो, खार सोसेल का? सोसत नसेल तर उतारा कितीही असो, ते बियाणं बाजूला. म्हणून जुन्या लोकांनी राता लावला, आणि पुढं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल नावाचे वाण काढले. खार सोसणं ही अट झाली. बाकीच्या झाल्या कसोट्या. अटीत तडजोड नाही. कसोटीत थोडं इकडं, थोडं तिकडं चालतं.

आपण काय करतो? प्रत्येक जण आपली आवड ही अट म्हणून सांगतो. "पायी नसेल तर मी येणार नाही." "रजा मिळणार नाही, म्हणजे नाहीच." मग भांडण होतं. म्हणून पहिलं काम, अटी वेगळ्या काढा, आणि त्या थोड्याच असू द्या. माझ्या मते अटी तीन. एक, वारीचा नेम चुकता कामा नये. दोन, महामार्गावर कोणाचा जीव धोक्यात जाता कामा नये. तीन, भिशीला पैसे नाहीत म्हणून एकही वारकरी मागे राहता कामा नये. तिन्ही मार्ग आधी या तीन अटींवर घासा. जो बसत नाही तो दुरुस्त करा, दुरुस्त होत नसेल तर सोडा.

दुसरं काम, कसोट्यांना वजन द्या. तराजूत सगळी मापं सारखी नसतात. त्यासाठी एक साधी रीत सांगतो, लिहिता-वाचता येत नसलं तरी चालते. पाच वाट्या मांडा. पहिली रजा आणि दिवसांची. दुसरी म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या सोयीची. तिसरी खर्चाची. चौथी परंपरा आणि पायी चालण्याची. पाचवी वाटेवरच्या यजमानांची. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या. ज्याला जे जास्त मोलाचं वाटतं त्या वाटीत जास्त टाका. सगळे एकाच वाटीत टाकले तरी हरकत नाही. पण टाकताना मनात मार्ग धरू नका, मोल धरा.

इथं एक जपायचं. एकच गोष्ट दोन वाट्यांत ठेवायची नाही. "रजा" एक वाटी आणि "किती दिवस लागतात" दुसरी, असं केलं तर एकाच गोष्टीचं वजन दुप्पट होतं आणि पारडं फसवं झुकतं. हुशार माणसं सभेत हेच करतात, एक मुद्दा चार नावांनी मांडतात.

मग एकेका वाटीपुरते तिन्ही मार्ग तपासा. रजेपुरतं बघितलं तर कोणता बरा? बायकांच्या सोयीपुरतं? मुक्कामाला आडोसा कुठं, न्हाणीघर कुठं, रात्री उजेड कुठं? हे बायकांनाच विचारा, पुरुषांनी अंदाज करू नये. खर्चापुरतं बघताना टेम्पो, डिझेल, भाजीपाला सगळं कागदावर मांडा. आषाढीचा विचार करताना हेही धरा, की माऊलींच्या सोहळ्यात रथापुढं आणि रथामागं दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत. नव्याने जाणाऱ्याला कुठं चालायचं, कुठं उतरायचं, हे आधी विचारावं लागेल.

शेवटी बेरीज होईल. पण माऊली, बेरीज म्हणजे निर्णय नव्हे. बेरीज झाल्यावर एका वाटीतले थोडे चिंचोके उचलून दुसरीत टाकून बघा. तेवढ्याने निकाल उलटत असेल, तर समजा विषय अजून पिकलेला नाही, आणखी बोलायला पाहिजे. उलटत नसेल, तर वाट पक्की. आणि चिंचोक्यांचा खरा उपयोग निराळाच आहे. आपण भांडतो ते मार्गावरून, पण खरा फरक कुठल्या वाटीत आहे ते डोळ्यांना दिसतं. मार्गावरून भांडणारी दोन माणसं एकाच वाटीत चिंचोके टाकतात, हे दिसलं की अर्धं भांडण तिथंच संपतं.

तिसरं काम, कोणी आधी बोलायचं. आपल्या सभेत आधी बोलतो विणेकरी, मग बुवा, मग पैसे देणारा. त्यानंतर बाकीचे माना डोलावतात. हे उलटं करा. ज्याच्या पायावर आणि पाठीवर निर्णयाचा भार पडणार, तो आधी बोलू दे. डोक्यावर तुळस घेणारी माऊली, स्वयंपाकाची बाई, टेम्पो चालवणारा, पहिल्यांदा चालणारं पोर. आमच्यासारख्या बुवांनी सगळ्यात शेवटी बोलावं. बुवा एकदा बोलला की समोरच्याचा शब्द घशातच राहतो.

ही रीत काही मी नवीन काढलेली नाही. माऊलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरती होते ना, ती आठवा. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता गजर चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि एवढा समाज क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ वाजवणं थांबवत नाही. सगळा तळ शांत, आणि एकाच कोपऱ्यात टाळ वाजतायत. मग चोपदार तिथं जातात, तक्रार ऐकतात, तिचा निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि मग आरती. लाखांच्या सोहळ्यात एका दिंडीचे टाळ वाजत असले तर आरती खोळंबते! मग आपल्या पन्नास-साठ माणसांच्या बैठकीत एका म्हातारीचं ऐकायला वेळ नाही, असं कसं म्हणता येईल?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते सगळीकडे माहीत झालं. तिथं ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक जरी नाही म्हणाला तरी थांबतात, समजून घेतात, पुन्हा बसतात. आणि सभेच्या आधी अभ्यास गट बसतो. तिथं निर्णय करायचा नसतो, नुसतं समजून घ्यायचं असतं. वेळ लागतो, पण झालेला निर्णय सगळा गाव पाळतो. त्याच गावाला 2009 साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. घाईने घेतलेला निर्णय झटकन होतो आणि वर्षभर भांडायला लावतो. सावकाश घेतलेला निर्णय टिकतो.

आणि आपल्या वारीच्या वाटेवरच, सासवडच्या पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी थोडं, मागणारे फार. जमिनीप्रमाणे वाटलं तर मोठ्या बागायतदाराला जास्त जाणार. त्यांनी कसोटीच बदलली. जमीन मोजू नका, माणसं मोजा. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावायचा नाही, ही अट. बघा, अट आणि कसोटी त्यांनी कशी वेगळी केली! कसोटी कोणती धरायची, यातच अर्धा न्याय असतो.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं करूनही कोणाची तरी कसोटी मागे राहणारच. पाचही वाट्या एकदम भरत नाहीत. मग मागे राहिलेल्याचं काय करायचं?

याचं उत्तर आपल्या घरातच आहे. भक्त पुंडलिक आईबापाचे पाय चेपत बसला होता आणि दारात साक्षात पांडुरंग आला. दोन्ही मोठं. आईबापाची सेवा खरी, देवही खरा. पुंडलिकाने काय केलं? सेवा सोडून धावला नाही. पण देवाला "नंतर या" म्हणून दार पण लावलं नाही. त्याने वीट पुढं सारली. देवा, यावर उभा राहा, माझं काम होऊ दे. आणि देव विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे.

मंडळी, आजवर कीर्तनात आपण पुंडलिकाची सेवा ऐकली. आज त्याची वीट बघा. ज्याला मागे ठेवावं लागलं त्यालाही उभं राहायला जागा दिली. वीट छोटीच होती, पण तिच्यावर मान होता. निर्णयाचं असंच असतं. ज्याचं म्हणणं पुढं गेलं त्याला काही द्यायला लागत नाही. ज्याचं मागे राहिलं, त्याला वीट द्यायची असते. वीट नाही दिली तर तो दारातून परत जातो आणि दुसरी दिंडी काढतो.

2020 साल आठवा. कोरोना आला. वारी करायची की नाही? एका बाजूला शेकडो वर्षांचा नेम, दुसऱ्या बाजूला लाखो लोकांचा जीव. संस्थानं, वारकरी, सरकार बसले, मार्ग मांडले. गर्दी नको हे ठरलं, आणि पादुका पंढरीला जाणार हेही ठरलं. म्हणजे दोन अटी राखल्या, आणि पायी चालणं मागे ठेवलं. पण पायी वारीला वीट दिली. आळंदीत प्रस्थान झालं, पादुका आजोळघरी थांबल्या, आणि दशमीला, 30 जूनला, मोजक्या माणसांबरोबर एसटीने पंढरीला निघाल्या. घरोघरी लोक रडले, पण सोहळा मोडला नाही. 2022 साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, कारण तिला कोणी काढून टाकलं नव्हतं, थांबवून ठेवलं होतं.

तर आपण काय विटा देऊ शकतो? पायी माघी ठरली, तर ज्यांना रजा नाही त्यांना सासवडला किंवा जेजुरीला येऊन मिळायची मुभा द्या. त्यांची चालण्याची जागा राखून ठेवा, आणि त्यांना "अर्धे वारकरी" म्हणू नका. गाडीचा मार्ग ठरला, तर चार-पाच धडधाकट माणसं पताका घेऊन जुन्या वाटेने पायी पाठवा, म्हणजे यजमानांच्या ओसऱ्या सुन्या पडणार नाहीत आणि जुन्या माणसांच्या मनाला टोचणी लागणार नाही. आषाढी ठरली, तर माघ शुद्ध दशमीला इथं देवळात हरिजागर करा आणि त्या रात्री वाटेवरच्या यजमानांना बोलावून त्यांना पंगतीला बसवा. शंभर वर्षं त्यांनी वाढलं, एक दिवस आपण वाढू. पण वीट निर्णयाबरोबरच ठरवा. मागाहून बघू म्हटलेली वीट कधी येत नाही.

शेवटचं काम लिहून ठेवायचं. आपल्या वाडवडिलांनी माघी का धरली हे आपल्याला तोंडातोंडी शोधावं लागलं. कोणी म्हणतं लावणी, कोणी म्हणतं पाऊस. वहीत कुठं ओळ नाही. आपण तसं करायचं नाही. जे ठरेल ते लिहा, का ठरलं ते लिहा, कोणत्या वाटीत किती चिंचोके पडले ते लिहा, मागे कोण राहिलं आणि त्याला कोणती वीट दिली तेही लिहा. आणि तीन वाऱ्या झाल्या की वही उघडून पुन्हा बसा. कारण उरलं असेल तर निर्णय ठेवा, कारण गेलं असेल तर बदला. म्हणजे आणखी शंभर वर्षांनी आपल्या नातवाच्या पोरांना वाद घालावा लागला, तरी निदान अंधारात घालावा लागणार नाही.

पुढच्या एकादशीला आपण याच देवळात बसू. येताना प्रत्येकाने आपल्या म्हणण्यासोबत दुसऱ्या गटाचं एक तरी म्हणणं पटलेलं घेऊन यावं, एवढीच विनंती. वाट्या आणि चिंचोके मी आणतो. आधी माय-माऊल्या बोलतील, मग तरुण, मग नोकरीवाले, मग जुनी माणसं, आणि बुवा सगळ्यात शेवटी. कोणाचे टाळ वाजत राहिले तर आपण आरती थांबवू, ऐकू, आणि मगच आरती करू.

मार्ग कुठलाही ठरो, पताका एकच राहो. रामकृष्ण हरी!